तीट

आखातात थंडी, म्हटलं की सांगोल्यात सगळे हसतात.
"वाळूत शेकोटी पेटवतोस होय रे?" मामा विचारतो.
त्याला कसं पटवू, की जबल अखदरवर, सैक गावात,
जानेवारीत पहाटे बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो,
आणि सैफ अल-रियामीच्या गेस्टहाऊसमध्ये
लाकडाची बिडाची शेगडी आहे, नवी कोरी,
दाराला निकेलचा मुलामा, तोंड दिसेल असा.

भांडण तिच्यावरूनच होतं.
सैफकडे मस्कतहून आणलेलं पिस्तूल,
रोखायचं, चाप ओढायचा, आकडा वाचायचा. ब्याण्णव.
"घाल अजून दोन ओंडके."
मोफिजुल तळहात दारासमोर धरायचा, मोजायचा,
एक, दुई, आणि हात मागे.
"खूप आहे, साहेब."
पण हाताला बॅटरी नसते, पडदा नसतो;
ओंडके पडायचे.

मला बोलावलं, कारण मी सोहारच्या रिफायनरीत
चौदा वर्षं हेच करतो. दुसऱ्यांची उष्णता मोजतो,
सही करतो, स्टिकर लावतो,
पुढच्या वर्षाची तारीख घालतो.

दारावर रोखलं: ब्याण्णव.
वरच्या काळ्या पाट्यावर: दोनशे एकसष्ट.
जरा सरकून पुन्हा दारावर: अठ्ठ्याऐंशी.
"बिघडलंय," सैफ म्हणाला.
नाही.
चकचकीत दार स्वतःचं फार थोडं सांगतं,
उरलेलं सगळं समोरच्याचं.
त्या ब्याण्णवात भिंत होती, गालिचा होता,
माझा लोकरी कोट होता,
थोडासा मीही होतो, बत्तीस अंशांचा.

आणि त्या लाल ठिपक्यावर विसंबू नका.
दिसतो टाचणीच्या डोक्याएवढा,
पाच हात लांबून मोजतो मात्र ताटाएवढं,
अर्धं दार, अर्धी मागची भिंत.
जवळ जायला लागतं. गाल पोळेल इतकं.

धुराड्यावर चिकटवलेल्या तबकडीचं वेगळं.
ती खोटं बोलत नाही, उशिरा बोलते.
आग पुढे निघून गेलेली असते, काटा मागून येतो,
अक्षता पडून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

रात्रभर शेगडी निवू दिली.
सकाळी मोफिजुलने अडगळीतून
धुराड्याच्या काळ्या रंगाचा डबा शोधला, तळाशी उरलेला.
बोट बुडवलं, आणि त्या आरशासारख्या दारावर
बंद्या रुपयाएवढा ठिपका टेकवला.
तीट.
दृष्ट लागू नये म्हणून नव्हे,
दृष्टीला काही लागावं म्हणून.

मोफिजुल हसला. त्यांच्याकडे, मैमनसिंगलाही लावतात,
कपाळाच्या कडेला.
त्याचा मुलगा आता सहा वर्षांचा;
ती तीट त्याने फोनवरच पाहिली.

मग डाळिंबाच्या छाटणीच्या काटक्या, वर बाभळीचं खोड.
डाळिंब जळताना आमच्या मळ्यातही हाच वास यायचा,
किंचित तुरट.
तासाने रोखलं.
दारावर एक्याण्णव. ठिपक्यावर दोनशे चोपन्न.
मध्ये बोटभर अंतर, एकच लोखंड.
मोफिजुलने हात धरला. एक, दुई.
सैफ बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिला,
मग हातातला ओंडका
आवाज न करता टोपलीत परत ठेवला.

तेवढ्यात सुखदाचा व्हिडिओ कॉल.
"चेहरा काय चकाकतोय तुझा!"
शेकोटी गं.
"कंत्राटाचं काही कळलं?"
सगळं ठीक आहे.
"जेवतोस ना वेळेवर?"
मजेत आहे मी.
तिने पडदा जवळ घेतला, नाक टेकेल इतका,
आणि काही बोलली नाही.

निघताना सवयीने वहीत नोंद केली.
दार, ठिपक्यावर: २५४, अधिक-उणे चार.
बाकीच्या दाराबद्दल
सांगता येत नाही.